खुरपलेले चौकोन

रोपं मोजण्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नाही, असं तुमच्यातल्या थोरलीने परवा फोनवर सांगितलं. शाळेने तुम्हाला कुठल्या तरी तळ्याकाठी नेलं, दोरी लावून दिली आणि दिवसभर गवत मोजायला बसवलं. फोनवर मला नेहमी घाई होते, म्हणून तेव्हा सांगायचं राहिलं. तुमचा बाबा पाच वर्षांचा होता तेव्हा मी नेमकं हेच काम करत असे. त्यातला एक दिवस तुम्हाला नीट, क्रमाने सांगावा म्हणून लिहायला बसले आहे.

मी तेव्हा नगरला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. पारनेरपासून दोनेक कोसांवर एका गावामागे टेकडीचा उतार होता. गुरांनी चरून चरून तो पार खरवडलेला, नुसता मुरूम आणि कुसळं. वनखात्याने तो उतार चराईला बंद केला, भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि त्याला हात न लावता सोडून दिला. पायथ्याशी गाळाने भरलेला एक जुना तलाव होता. दुष्काळात गावाने त्यातला गाळ उपसला, बांध दुरुस्त केला. दुष्काळ सरल्यावरच्या पावसाळ्यात तलावात पाणी थांबलं. वरच्या अंगाला, जिथे ते गुडघ्याएवढंच आणि पसरट होतं, तिथे दोन महिन्यांत दलदल झाली आणि चक्क पाणकणसं उभी राहिली.

या जागेत आपसूक काय उगवतं, किती उगवतं, कशाच्या आधी काय येतं, हे मोजायचं काम आमच्या विभागाकडे आलं होतं. विभागातून ते माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणाला उन्हात हिंडायची हौस नव्हती. मला होती. घरी सासूबाई तुमच्या बाबाला सांभाळत आणि मी पहाटेची पारनेर गाडी धरत असे. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला पदर, पिशवीत डबा, रजिस्टर आणि दोन शिसपेन्सिली. शाई घामाने फुटते, पेन्सिल फुटत नाही.

पद्धत सोपी होती. उतारावर सोळा आणि तलावाच्या कडेला आठ, अशा चोवीस जागा आखलेल्या होत्या. प्रत्येक जागा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चार कोपऱ्यांना चार दगड पुरलेले. वर्षातून दोनदा त्याच चौकोनांत बसून आतलं एकूण एक रोप मोजायचं, नाव लिहायचं, उंची लिहायची. चौकोन तेच राहिले तरच या वर्षीची गेल्या वर्षीशी तुलना करता येते. म्हणून त्यांना कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता.

या जागेवर राखण करायला गावातली एक बाई नेमलेली होती. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणत असे. ती मला बाई म्हणे. कुंपणात गुरं घुसू द्यायची नाहीत हे तिचं काम. तिची आणि गावातल्या आणखी आठ बायकांची या जागेत एक सवलत होती. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत प्रत्येकीने रोज विळ्याने कापून एक भारा गवत न्यायचं. दुष्काळात गावातली बरीच जनावरं छावणीला गेली, काही बाजारात गेली. या नऊ घरांच्या म्हशी मात्र दावणीला राहिल्या त्या याच गवतावर. मावशीची एकच म्हैस होती. तिच्या दुधावर तिच्या दोन लेकींचं जेवण होतं.

पाऊस बरा झाल्यावर गावातल्या मोठ्या गुरंवाल्यांनी अर्ज केला की आता बंदी उठवा, आम्हाला चरायला मोकळं करा. अर्ज वनखात्याच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी मला कॉलेजात येऊन स्पष्ट सांगितलं, "मी जागा बघणार. तुमची मोजणी माझ्यासमोर व्हायला हवी. गवत सुधारलं असेल आणि झाडांची रोपं आपोआप येत असतील, तर बंदी ठेवायला मला कारण राहील. नसतील तर मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

म्हणजे सगळं त्या चोवीस चौकोनांवर आलं होतं. बंदी उठली असती तर दोनशे गुरांनी पंधरा दिवसांत तो उतार पुन्हा मुरुमापर्यंत आणला असता आणि मावशीची राखणही संपली असती, गवतही. मला आतून खात्री होती की आकडे चांगले येणार. श्रावणात मी चौकोन नुसते डोळ्यांनी पाहून आले होते. सगळीकडे काही ना काही उगवलेलं होतं.

भाद्रपदातला गुरुवार ठरला. आदल्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा होत्या, मला जाता आलं नाही. पारनेर गाडीच्या कंडक्टरकडे मावशीसाठी निरोप दिला की गुरुवारी मोठे साहेब आपले चौकोन बघायला येणार आहेत.

गुरुवारी साहेबांच्या जीपमधून मी गेले. केडगाव मागे टाकलं तशी ऊन-सावली सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी कणसावर आलेली, आणि वर्षभर रेशनवरचा लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, खाल्लेल्या माणसाला ती कणसं नुसती बघूनही बरं वाटावं असा तो दिवस होता. साहेब तरुण होते, कमी बोलणारे. वाटेत एकदाच म्हणाले, "आकडे वाईट निघाले तर बाई, राग मानू नका." मी म्हटलं, "आकड्यांवर कशाला रागावायचं?" मी जरा तोऱ्यातच होते.

कुंपणाच्या फाटकाशी मावशी आणि त्या आठजणी उभ्या होत्या. धुतलेली लुगडी, कपाळं भरलेली. पायवाट झाडलेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिल्या चौकोनाच्या चारही दगडांना चुना फासलेला होता. मधली जमीन शेणाने सारवून त्यावर रांगोळी काढलेली होती, आणि रांगोळीच्या मधोमध हळदकुंकू.

मी पुढे गेले. दुसरा चौकोन, तिसरा, चौथा. सगळ्या दगडांना चुना. आत शेणसडा नव्हता, पण सगळे खुरपलेले. पवन्या आणि मारवेल या दोन चांगल्या गवतांचे ठोंब तेवढे राखलेले, दोन ठोंबांमधली माती भुसभुशीत करून बोटांनी सारखी केलेली. बाकी काही नाही. टाकळा नाही, कुरडू नाही, तरवडाची रोपं नाहीत, काटेरी पानाचं एक रोप नाही. खाली पाण्याच्या कडेचे आठ चौकोन तर तळहातासारखे स्वच्छ होते.

"काल दिसभर आमी नऊजनी लागलो हुतो," मावशी आनंदाने सांगत होती. "एक बी तन ठिवलं न्हाई बाई. खालच्या अंगाला लव्हाळा लई माजला हुता, त्यो तर गाठीसकट काढलाय. सायबानं म्हनू नये की बाईंच्या चौकोनात तन हाय."

लव्हाळा म्हणजे शेतकऱ्याचा हाडवैरी. आणि या वर्षी त्या कडेला लव्हाळा आला म्हणजे मातीत ओल टिकते आहे, ही माझी सगळ्यात मोठी खूण होती. मी खाली बसले. भुसभुशीत मातीत एखादी गाठ तरी उरली आहे का ते बोटाने चाचपलं.

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. चौकोनांतलं गवत कापायचं नाही एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, तणाचं कधी बोललेच नव्हते. गावात साहेब येणार म्हटलं की शाळेच्या कडेचे दगड चुन्याने रंगतात, चावडीपुढे सडा पडतो. त्यांना साहेबापुढे माझी अब्रू राखायची होती. खुरपणी हीच त्यांच्या हातातली सगळ्यात चांगली कला, आणि ती त्यांनी मला फुकट देऊन टाकली होती.

साहेब रांगोळीच्या कडेकडेने चालत आले. म्हणाले, "बाई, हे तर वाफे दिसतात. इथे मोजायचं काय?"

मावशीचा चेहरा तेव्हा बदलला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "चुकलं व्हय बाई?"

मी तिला सांगितलं. तुम्ही काढून टाकलं तेच मला मोजायचं होतं. ते नसलं तर साहेबांना दाखवायला माझ्याकडे काही नाही.

ती एकदम खाली बसली आणि कपाळाला हात लावला. मग क्षणात उठली. "मंग लिवा की! समदं हुतं म्हनून लिवा. आमी नऊजनी सांगतो सायबाला, देवाशप्पत हुतं. हिवराची रोपं हुती, धावडा हुता. कुरडूची तर आमी भाजी केली."

म्हणजे माझे आकडे आदल्या दिवशी कुणाच्या तरी कढईत शिजले होते. मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

खरं सांगते, मोह झाला. रजिस्टर माझ्या हातात होतं, पेन्सिल माझ्या हातात होती, आणि मावशी खोटं बोलत नव्हती. पण मी न मोजलेला आकडा एकदा लिहिला असता तर त्या रजिस्टरातल्या आधीच्या खऱ्या आकड्यांवरही माझा विश्वास उरला नसता. मी चोवीस ओळी आखल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, "मोजणी नाही. निंदणी झाली." ते साहेबांना दाखवलं.

साहेबांनी वाचलं. घड्याळ पाहिलं. "मला पाचला निघायचं आहे," ते म्हणाले. "आत्ता अकरा वाजलेत."

मी म्हटलं, "नवे चौकोन टाकते. जुन्यांशी ओळीने ताळा नाही जमणार, पण आज या उतारावर काय आहे ते तरी कळेल."

"किती?"

"जमतील तेवढे."

एकटीने मला एका चौकोनाला तास लागे. एरवी दोन विद्यार्थी मदतीला येत, ते त्या दिवशी नव्हते. पाचपर्यंत सहा झाले असते फार तर. सहा चौकोनांवर कुणी सरकारी निर्णय घेत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

नवी जागा निवडायची तर स्वतःच्या आवडीने निवडायची नाही. आपले डोळे लबाड असतात, जिथे बरं दिसतं तिथे जातात. म्हणून पाठमोरं उभं राहून खांद्यावरून दगड मागे फेकायचा, तो पडेल तिथे दोरीची एक मीटरची चौकट ठेवायची. मी मावशीला दगड दिला.

"डोळं झाकून?" ती म्हणाली. "आन् काट्यात पडला तर?"

"तर काट्यात बसायचं."

दगड उघड्या खडकावर पडला. तिला वाईट वाटलं. "हितं काय बी न्हाई बाई. सरकवू का जरा?"

"नाही सरकवायचं. काही नाही, हेही लिहायचं असतं."

"काय बी न्हाई ते बी लिवायचं!" मागून एकजण बोलली. "ह्ये बरं हाय. ह्ये काम तर माज्या मालकाला बी जमंल." सगळ्या हसल्या. साहेबही वळून हसले, टोपी सावरायच्या निमित्ताने.

दुसरा चौकोन गवतात पडला. मी गुडघ्यावर बसून सुरुवात केली, आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्याच रोपाला अडले. दोन पानांचं, बोटाएवढं रोप. फूल नाही, फळ नाही. माझ्या पुस्तकात झाडं ओळखायची ती फुलांवरून. असल्या पिल्लांना मी दोन वर्षं "अनोळखी क्रमांक एक", "अनोळखी क्रमांक दोन" असं लिहीत आले होते, नऊपर्यंत.

मावशी वाकून बघत होती. "ह्यो धावडा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हंजी? धावडा हाय म्हनून." मग माझ्याकडे बघून तिला कीव आली असावी. तिने पान उलटं करून माझं बोट धरून त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवलं. "लव लागती का? आन् ह्यो शेजारचा हिवर. काटं आत्ता मऊ हायेत, दोन पावसानं बगा."

शेजारच्या बाईने पलीकडचं एक रोप दाखवलं, ते खैराचं. तिसरीने एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. जन्मभर खुरपणी करणाऱ्या बायकांना रोप फुलावर येईपर्यंत थांबून चालत नाही. त्यांना ते दोन पानांवर असताना ओळखावं लागतं, कारण तेव्हाच ठरवायचं असतं की हे ठेवायचं का उपटायचं. मी दोन वर्षं त्यांच्याच कुंपणातून जात-येत होते आणि मला ते सुचलं नव्हतं.

त्यातली सगळ्यात वयस्क बाई, जी कुणालाच भीत नसे, ती म्हणाली, "मास्तरीनबाई एवढ्या शिकल्या. पर एकडाव बी आमास्नी सांगितलं न्हाई काय मोजताय ते. आमाला वाटलं, जिमीन मोजताय."

मी रजिस्टर उघडून त्यांना रकाने दाखवले: नाव, संख्या, उंची.

मग आम्ही काम वाटून घेतलं. काथ्याच्या दोरीचे तुकडे करून आणखी तीन चौकटी केल्या. दोन-दोन बायका एका चौकटीला, मावशी आणि मी मधून फिरत्या. त्या नाव आणि संख्या ओरडून सांगत, मी लिहीत असे, आणि प्रत्येक पाचव्या चौकोनात मी स्वतः बसून पुन्हा मोजत असे. चूक फारशी सापडली नाही. एवढं मात्र लिहिलंच पाहिजे की दोन वेगळ्या गवतांना त्या एकाच नावाने हाक मारत होत्या, आणि एका झुडपाची दोन नावं निघाली, कोवळ्याचं एक आणि जून झाल्यावरचं दुसरं. ज्या रोपांबद्दल मला शंका होती त्यांचे नमुने मी वर्तमानपत्रात दाबून ठेवले. पुढे कॉलेजात ताडून पाहिले. माझ्या नऊ अनोळखींपैकी सात त्यांनी बरोबर ओळखले होते.

दुपारी बांधावर बसून भाकरी खाल्ली. साहेबांनी डबा आणला होता, पण त्यांना कुणी तो उघडू दिला नाही. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि कुरडूची भाजी.

"बाई, ह्ये तुमच्या सातव्या चौकोनातलं," मावशी माझ्या ताटलीत भाजी वाढत म्हणाली. ती पुन्हा चेष्टा करायला लागली होती, म्हणून मला बरं वाटलं.

जेवणानंतर साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि स्वतःहून म्हणाले, "पाण्याकडचा दगड मी फेकतो." त्यांनी फेकलेला दगड थेट तलावात गेला. बायकांनी पदर तोंडाला लावले. वयस्क बाई म्हणाली, "सायेब, मासं मोजायचं न्हाईत." दुसऱ्यांदा तो दलदलीच्या कडेला पडला. तिथे आम्ही चिखलात बसून मोजलं. लव्हाळा शंभराच्या वर होता. मोजता मोजता एकीचा हात सवयीने एका रोपाकडे गेला आणि ती उपटणार तोच आजूबाजूच्या चौघी एका सुरात ओरडल्या, "हात लावू नगं!" तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आमचे बावीस चौकोन झाले होते, उतारावर सोळा आणि पाण्याकडे सहा. बेरीज मी जीपच्या बॉनेटवर रजिस्टर ठेवून केली. उतारावरच्या सोळांपैकी अकरा चौकोनांत झाडांची रोपं होती, कुणी न लावलेली. कुसळी, म्हणजे गुरं टाळतात ते टोचरं गवत, अजून होती, पण पवन्या आणि मारवेल तिच्यापुढे गेली होती. आधीच्या दोन्ही वर्षी कुसळीच पुढे होती. एक चौकोन नुसता खडक. तोही बेरजेत धरला.

साहेबांनी पानं मागेपुढे चाळली. "मोजणी नाही, निंदणी झाली" या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे पान असंच राहू द्या. फाडू नका. या पानामुळे मला पुढची पानं खरी वाटतात."

मावशीने सरळ विचारलं, "म्हंजी बंदी ऱ्हानार का जानार?"

"मला वर लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "पण मी ठेवा म्हणून लिहिणार आहे."

"लिवा मंग. ह्या बाईंवानी नगं, जरा बिगी बिगी लिवा."

जीप निघाली तेव्हा नऊजणी फाटकाशी उभ्या होत्या. दिवसभर चिखलात बसल्याने लुगड्यांची पार दशा झाली होती. माझ्या पातळाचीही. घरी पोचल्यावर तुमच्या बाबाने मला ओळखलं नाही असं सासूबाई पुढे बरीच वर्षं सांगत, पण त्यात काही तथ्य नाही.

दसऱ्यानंतर हुकूम आला. बंदी आणखी तीन वर्षं कायम, विळ्याने गवत कापायची सवलत पूर्वीप्रमाणे, राखणदार तीच. त्याची एक प्रत माझ्याकडे आली होती. ती घेऊन मी पुढच्याच रविवारी गेले. रविवार माझा सुट्टीचा, पण पोस्टावर सोडायला मन तयार होईना. मावशी कुंपणाशीच होती. मी कागद वाचून दाखवला. तिने पुन्हा एकदा वाचायला लावला, तीन वर्षं हे शब्द तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग तिने हुकुमाचा कागद घडी घालून चोळीत ठेवला, फाटकाच्या उजव्या बाजूला जिथे गुरांनी शिंगं लावून काट्या मोडल्या होत्या तिथे गेली, आणि मला म्हणाली, "तीन वर्सं म्हंजी ह्या काट्या टिकायच्या न्हाईत. बाई, जरा त्ये दुसरं टोक धरा."

मी पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं.